परिपत्रकाची मागची बाजू

आमच्या शाळेत सूचना वही नावाची एक जाड वही आहे आणि ती फिरवायचं काम माझं आहे. संस्थेच्या मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं की आमचे बाबू त्यावर आवकचा शिक्का मारतात. मुख्याध्यापिका मॅडम कोपऱ्यात ‘सर्वांनी नोंद घ्यावी’ असं लिहून सही करतात आणि मग तो कागद माझ्या हाती येतो. मी तो वहीत डकवतो, समोरच्या पानावर पट्टीनं रेघा ओढून सगळ्यांची नावं लिहितो आणि वर्गावर्गातून सह्या घेत फिरतो. गुरुजी फळ्यावर गणित मांडत असले तर वही भिंतीला टेकवतात आणि खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी सही करतात. काय आलंय म्हणून कोणी विचारत नाही. फार तर एखाद्या बाई म्हणतात, "सुटीचं आहे का?" मी नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो.

वाचायचो तो मीच. सातवीतून शाळा सोडलेला माणूस शाळेतच नोकरीला लागला की एक भीती त्याला कायमची चिकटते. आज ना उद्या कोणीतरी थांबवेल, म्हणेल हे काय लिहिलंय सांग बरं, आणि आपल्याला सांगता येणार नाही. त्या भीतीपायी मी प्रत्येक कागद जिन्याखाली उभा राहून, ओठ हलवत, दोनदा वाचायचो. ‘उपरोक्त’ आणि ‘तथापि’ हे शब्द मला चाळिशीत भेटले. सुरुवातीला त्यांना मी साहेब लोकांची आडनावं समजत होतो, इतका दबून होतो.

मी मूळचा मुकुटबनकडचा. आई, भाऊ, घर सगळं तिकडंच. शाळा पुसदला. तेही याच जिल्ह्यात, पण वणी आणि यवतमाळला गाड्या बदलत यायचं म्हणजे सकाळी निघालेला माणूस दिवे लागताना पोचतो. सात वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन मी इथं उतरलो. गावाच्या टोकाला असलेली ही मुलींची निवासी शाळा मला वाट विचारत सापडली. फाटकातून आत आलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभी होती. तिनं नाव विचारलं नाही की काम विचारलं नाही, समोर ताट ठेवलं आणि भाकरी संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, "तोंड कायले उतरलं तुहं? इथं कोणी खात नाही माणसाले."

ती आमची याडी. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. वसतिगृहातल्या निम्म्या मुली तांड्यावरच्या, त्यांनी तिला तशी हाक मारायला सुरुवात केली आणि मग मॅडमपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांची ती याडी झाली. दोनशे मुलींचा स्वयंपाक तिच्या हाताखाली. मदतीला तिची सून आणि भाकरी थापायला येणाऱ्या दोघी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुसदमध्ये ऑटो चालवायचा. शाळेत तिची नेमणूक माझ्यासारखीच, अकरा महिन्यांच्या ऑर्डरीवर. दर वर्षी ऑर्डर निघायची तेव्हा मी चार दिवस आधीपासून झोप घालवून बसायचो. ती मात्र म्हणायची, मुलींना भूक लागायची थांबली की आपल्याला काढतील, तोवर नाही.

पण गेल्या वर्षी, पावसाळा सरत आला तेव्हापासून, मी तिच्यात एक गोष्ट पाहत होतो. कोठीच्या खोलीतून पिठाचा डबा घेऊन निघाली की चुलीपर्यंत पोचायच्या आत ती दोन वेळा थांबायची. भिंतीला हात लावायची, जणू भिंत सरळ आहे की नाही ते बघते आहे. डाव्या खांद्यातून कळ उतरते असं एकदा बोलून गेली. विचारलं तर म्हणाली गॅस झाला, ओवा खाल्ला की जाते. कोणाजवळ बोलायचं नाही अशी तिनं सुनेला आणि मला ताकीद दिली होती.

त्याच दिवसांत ते परिपत्रक आलं.

आता इथं मला आमच्या कार्यालयाची एक सवय सांगायला पाहिजे. आमचे बाबू कागदाच्या बाबतीत फार काटकसरी. एका बाजूनं छापलेला जुना कागद ते टाकू देत नाहीत. जुन्या मजकुरावर तिरपी रेघ मारतात आणि कोऱ्या बाजूवर नवं छापतात. मुख्य कार्यालयातही तीच रीत. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या कागदांच्या पाठीवर काहीतरी असायचंच. कधी कोणाची जुनी रजा, कधी मागल्या सालचं वेळापत्रक. पाठ बघायची नसते, एवढं मी पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. आणि माझी खळ पक्की. गोंदाची बाटली नेहमी संपलेली, म्हणून मी याडीकडून मूठभर मैदा घ्यायचो, चुलीच्या कडेला खळ शिजवायचो आणि कागद चारी कडांपासून मधोमध पुरता चोपडून डकवायचो. माझा कागद कधी निघून आला नाही. सातवी नापास माणसाला अभिमान धरायला एवढी जागा होती, ती मी सोडली नाही.

परिपत्रक होतं कर्मचाऱ्यांच्या आरोग्याबद्दल. संस्थेच्या सगळ्या शाळांमधल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी, पुसदमध्येच, तीन दिवस. पहिल्या दिवशी शिक्षक, दुसऱ्या दिवशी कार्यालय आणि शिपाई, तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघर आणि सफाईवाले. उपाशीपोटी यायचं, आधार कार्डाची प्रत आणायची, गैरहजर राहायचं नाही. आणि अगदी खाली शेवटची ओळ: तपासणीचा अहवाल मुख्य कार्यालयास सादर करण्यात येईल. पूर्णविराम. पान संपलं.

ती ओळ मी चार वेळा वाचली. त्याला कारण होतं. मुकुटबनकडे असताना, विशी-पंचविशीत, मी एका खाणीवर कामाला लागलो होतो. सहा महिने झाले आणि एक दिवस डॉक्टर आले, सगळ्यांना रांगेत उभं केलं, डोळे पाहिले, छाती पाहिली. दुसऱ्या दिवशी फाटकावर यादी लागली. यादीत नावं असलेल्यांनी घरी जायचं होतं. माझा एक डोळा अधू, माझं नाव तिसरं. तपासणी म्हणजे निवड, हे तेव्हा माझ्या डोक्यात बसलं ते बसलं.

सूचना वही स्वयंपाकघरात सगळ्यात शेवटी जायची. तिथं सह्या घेण्याआधी मला वाचून दाखवावं लागायचं, कारण याडीला आणि भाकरीवाल्या दोघींना वाचता येत नव्हतं आणि सून कायम चुलीशी अडकलेली. मी सगळं वाचलं. याडीनं विचारलं, "मंग? सुई टोचून सोडून देतीन का काही करतीन?"

मी म्हणालो, "रिपोर्ट कार्यालयात जाते. मंग तिथं ठरवत असतीन, कोण कामाचं अन् कोण नाही."

हे दुसरं वाक्य कागदावर नव्हतं, ते माझं होतं. पण मी वही हातात धरून, वाचायच्या त्याच आवाजात ते बोललो. ऐकणाऱ्याला कागद कुठं संपला आणि मी कुठं सुरू झालो ते कळायला मार्ग नव्हता.

याडीनं पळी खाली ठेवली. मग सुनेला म्हणाली की तिसऱ्या दिवशी तिनं जायचं, याडी म्हणून.

आम्ही आधी हसलो. सून सव्वीसची, याडी चोपन्नची. सून म्हणाली, आत्याबाई, डॉक्टर काय आंधळा असते का. याडीचं उत्तर तयार होतं. "त्या आधारवरचा फोटो पाहून यमही वळखणार नाही मले. वय इचारलं तं चोपन्न सांगजो. म्हणजो, घरची भाकर खाते म्हणून अशी दिसते."

सगळ्या पुन्हा हसल्या. मी नाही हसलो, कारण परिपत्रकासोबत आलेला तपासणीचा फॉर्म मलाच भरायचा होता. मी तो भरला. नाव याडीचं, वय याडीचं, आणि ‘काही त्रास आहे का’ या रकान्यात ‘नाही’. खोटं लिहितो आहे हे कळत होतं. तरीसुद्धा मला वाटत होतं की मी तिची नोकरी वाचवतो आहे. ज्या बाईनं मला पहिल्या दिवशी न विचारता जेवू घातलं, तिच्या उपयोगी पडतो आहे. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी माझी पाळी. गावातल्या एका शाळेच्या सभागृहात टेबलं मांडली होती. मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यालो नव्हतो. उपाशीपोटी म्हणजे किती उपाशी हे कागदात नव्हतं. रक्त दिलं, वजन झालं आणि शेवटच्या टेबलावर एका तरुण डॉक्टर बाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. फुगवला, सोडला, परत फुगवला. त्यांच्या कपाळावर आठी आली. ती मला फाटकावरच्या यादीसारखी दिसली.

मी हात जोडले. म्हटलं, मॅडम, लिहू नका. जे निघालं ते माझं मी पाहतो, फक्त लिहू नका.

त्या थांबल्या. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, हे तुमच्याशिवाय कोणालाच दाखवायचं नाहीये. आम्ही कार्यालयाला फक्त एवढंच कळवतो की तुम्ही येऊन गेलात. कोणालाही कामावरून काढणार नाही असं तुमच्याच संस्थेनं लिहून दिलंय. परिपत्रकाच्या मागच्या पानावर आहे म्हणाले मला. वाचलं नाही का?"

मी म्हणालो, आमच्या परिपत्रकाला मागचं पान नाही. त्या म्हणाल्या, असेल बघा. मग त्यांनी मला एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मी सायकलवर बसून शाळेकडे निघालो. अर्ध्या वाटेत मला दोन गोष्टी एकदम आठवल्या. एक, त्या पानाच्या खाली पाठवणाऱ्या कोणाचीच सही नव्हती. मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आणि खाली सही नाही, असं कधी झालंय का? दोन, खळ लावताना पाठीवर अक्षरं होती आणि त्यांच्यावर तिरपी रेघ नव्हती. माझं खळीचं बोट त्या अक्षरांवरून सरकलं होतं. मी त्यांना जुनी रद्दी समजून, एकही ओळ न वाचता, कायमची चिकटवून टाकली होती.

शाळेत पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती. कार्यालयातून वही उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात गेलो. कोपरा नखानं उचलून पाहिला. माझीच खळ, हलेना. ओढलं असतं तर पान फाटलं असतं. दुसऱ्या शाळेतल्या शिपायाकडून मोबाईलवर फोटो मागवता आला असता, हे मला दोन दिवसांनी सुचलं. त्या घटकेला माझ्या डोक्यात एवढंच होतं की उद्या तिसरा दिवस आहे, आणि याडीच्या जागी सून जाणार आहे, आणि ते लिहून देणारा मी आहे.

याडी भाताच्या मोठ्या गंजावरचं झाकण काढत होती. वाफेचा ढग उठला. मी वही उघडून त्या वाफेवर धरली.

याडी म्हणाली, "अरे, काय शिजवून राह्यला? पुस्तक?"

हात भाजत होते. तिनं ते पाहिलं, दोन फडकी आणली, एक माझ्या हाताला दिलं आणि दुसऱ्यानं वहीची दुसरी बाजू स्वतः धरली. आम्ही दोघं गंजावर वाकून उभे. वाफ पानात शिरायला लागली तशा समोरच्या पानावरच्या सह्या सुटू लागल्या. आधी मराठीच्या गुरुजींची सही पसरली, मग बाबूंची, मग मॅडमची शेरा मारलेली कोपऱ्यातली निळी सही पाण्यात पडल्यासारखी झाली. सरकारी म्हणा, संस्थेचं म्हणा, दप्तर म्हणतात ते माझ्या हातात विरघळत होतं. माझी ऑर्डर संपायला दोन महिने होते. मला वाटलं, संपली आत्ताच. तरी वही बाजूला करावी असं वाटलं नाही. सात वर्षांत मी न घाबरता केलेलं ते पहिलं काम असावं. नाही, घाबरलो होतोच. पण थांबलो नाही.

कड उकलली. मी बोटानं हळूहळू, शेवयांसारखी मऊ झालेली खळ सोडवत, कागद उचलला. मागची बाजू ओली, जागोजागी मैद्यानं पांढरी. पण छापील अक्षरं जशीच्या तशी होती. आणि पहिलाच शब्द होता ‘तथापि’.

मी मोठ्यानं वाचलं. तथापि, सदर अहवालात केवळ हजेरीची नोंद असेल. आजाराचा तपशील फक्त त्या कर्मचाऱ्यास देण्यात येईल. तपासणीवरून कोणाही कायम, अस्थायी, रोजंदारी अथवा स्वयंपाकगृहातील कर्मचाऱ्यास कामावरून कमी करता येणार नाही, वेतन कापता येणार नाही. उपचाराचा खर्च संस्थेच्या सामूहिक विम्यातून होईल. गरज असल्यास हलकं काम देण्यात येईल. पुढं स्वयंपाकघराबद्दल होतं, गॅसच्या जुन्या नळ्या बदलायच्या, आग विझवायचं नळकांडं बसवायचं, ते कसं वापरायचं ते सगळ्यांना शिकवायचं. आणि खाली, ठसठशीत, सही आणि शिक्का.

वर पाहिलं तर याडी माझ्याकडे संशयानं बघत होती.

"हे तू वाचून राह्यला," ती म्हणाली, "का मनानं सांगून राह्यला?"

तिचं बरोबर होतं. दोन दिवसांपूर्वी मनाचं मीच वाचल्यासारखं सांगितलं होतं. मी वही सुनेकडे दिली. ती दहावी झालेली. हात पुसून तिनं वाचायला घेतलं, आणि मी जिथं अडखळलो होतो तिथंही न थांबता भराभर वाचत गेली. ‘स्वयंपाकगृहातील’ या शब्दाशी आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला. संपल्यावर तिनं सासूकडे पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "आत्याबाई, मी नाही जात उद्या. तुमीच जा."

याडी स्टुलावर बसली. म्हणाली, कागदाचं काय, कागदावर काहीही लिहितेत. मॅडमनं तोंडानं सांगितलं तर मानीन.

म्हणजे मला मॅडमकडे जायचं होतं. ओली वही घेऊन.

मॅडम ऑनलाइन माहिती भरत होत्या. कपाळाला हात लावून, स्क्रीनवर फिरणाऱ्या गोल चक्राकडे बघत. मी टेबलावर वही ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. खळ, पाठ, खाणीवरची यादी, मी आपल्या मनानं जोडलेलं वाक्य, भरलेला फॉर्म, याडीचा खांदा. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. बाबू शेजारच्या टेबलावरून उठून आले आणि पसरलेल्या सह्या बघून "अरे देवा" म्हणाले. मॅडमनी त्यांना हातानंच गप्प केलं. त्यांनी मागची बाजू वाचली. मग समोरची. मग परत मागची.

"मीही उलटून पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "सही मात्र केली."

मला रागवायचं त्यांनी पुढं ढकललं असं मला वाटलं. अजून रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला, स्क्रीनवरचं चक्र तसंच फिरत ठेवलं आणि माझ्या पुढं चालत स्वयंपाकघरात गेल्या. सात वर्षांत त्यांना मी जेवणाची चव घेण्याशिवाय तिथं जाताना पाहिलं नव्हतं. याडी उठायला लागली तर त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः पिठाच्या डब्यावर बसल्या.

"याडी, उद्या तुम्ही स्वतः जायचं. खांद्याचं सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. तुमची जागा कुठं जात नाही. मी सांगते."

याडीनं विचारलं, "अन् भाकरी?"

मॅडम म्हणाल्या, एक दिवस मुली भात खातील.

तो खोटा फॉर्म मी तिथंच फाडला आणि नवा भरला. ‘काही त्रास आहे का’ या रकान्यात जागा पुरेना, म्हणून कडेच्या कोऱ्या पट्टीवर उभं लिहिलं.

तिसऱ्या दिवशी याडी मुलाच्या ऑटोतून गेली, हातात बांगड्या, अंगावर सणाची साडी. मी सायकलवर मागोमाग. त्याच डॉक्टर बाईंनी तिच्या छातीला तारा लावल्या, यंत्रातून निघालेली पट्टी पाहिली आणि तिला म्हणाल्या, आता इथून उठायचंसुद्धा नाही. याडीला ते पटेना. ती म्हणाली, मी आत्ता पायऱ्या चढून आली की. त्या म्हणाल्या, तेच नको होतं. तासाभरात संस्थेची गाडी आली. सुनेवर स्वयंपाकघर होतं, मुलगा पुढं चालकाशेजारी बसला आणि मागं याडीच्या उशाशी मी. यवतमाळपर्यंतच्या रस्त्यावर तिनं मला दोनदा सांगितलं की मुगाच्या डब्यात किडे झालेत, ऊन दाखवायला पाहिजे.

दवाखान्यात तिच्या हृदयाच्या एका नसेत जाळी बसवली. बाहेरच्या बाकावर मी आणि तिचा मुलगा बसलो होतो. जवळ विम्याचा कागद होता आणि मॅडमचा दर अर्ध्या तासानं फोन. मोठे डॉक्टर बाहेर आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेळेवर आणलं." दोनच शब्द. मुलगा रडायला लागला. मी उठलो, त्या लांबलचक व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. मला कोणाला तरी सांगायचं होतं, म्हणून मुकुटबनला आईला फोन लावला. तिला काय झालं ते धड कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून म्हणाली, तू आज मोठ्यानं बोलून राह्यला रे.

दुसऱ्या दिवशी याडी दवाखान्याच्या वरणाला नावं ठेवत होती. तेव्हा मला खात्री पटली.

पुढचं सगळं त्या मागच्या पानात लिहिल्याप्रमाणेच झालं. याडीला हलकं काम मिळालं. स्वयंपाकघरात तिच्यासाठी पाठीची खुर्ची आली, तिच्यावर बसून ती सुनेला आणि भाकरीवाल्यांना हुकूम सोडते. पगार एक पैसा कमी झाला नाही. डबे उचलायला नवी बाई घेतली. गॅसच्या कडक झालेल्या नळ्या गेल्या, नव्या आल्या. बाबूंनी पसरलेल्या सह्यांचं पान काढायचं म्हटलं तर मॅडम नाही म्हणाल्या, ते तसंच ठेवा, खाली काय झालं ते लिहा. आणि आता दर शनिवारी प्रार्थनेनंतर शिक्षक खोलीत परिपत्रकं मोठ्यानं वाचली जातात, दोन्ही बाजू. वाचतो मी. पहिल्या शनिवारी एका शब्दाला अडलो, मराठीच्या गुरुजींनी तो हळूच सांगितला आणि कोणीही हसलं नाही. आता तर मध्येच एखादे सर म्हणतात, थांबा, ते परत वाचा. माझी रोजची गोळी मी सकाळी स्वयंपाकघरातच घेतो. याडी समोर असते, चुकवायची सोय नाही.

आग विझवायचं शिक्षण चार महिन्यांनी झालं. तोवर याडीला डॉक्टरांनी चालायची मोकळीक दिली होती. मैदानात एका पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून शिकवायला आलेल्या माणसानं ते पेटवलं. मुली लांब रेघेमागं बसल्या होत्या, आम्ही सगळे पुढं. त्यानं लाल नळकांडं वर धरून समजावलं, पिन ओढायची, नळी ज्वाळेवर नाही, पायथ्याशी धरायची. मग विचारलं, कोण येतं? शिक्षक एकमेकांकडे पाहू लागले. मी मागं सरकलो.

स्वयंपाकघराच्या ओट्यावरून याडी निघाली. मैदान ओलांडून, कुठं न थांबता, कशाला हात न टेकता, पदर कमरेला खोचत सरळ ट्रेपाशी आली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. सून ओट्यावर उभी राहून पाहत होती, मी पाहत होतो, आणि मॅडमही दुसरं काहीच बघत नव्हत्या. शिकवणारा पुन्हा पायथ्याचं सांगायला लागला तर याडी त्याला म्हणाली, "चाळीस वर्षं झाली चुलीपाशी. आग कुठून विझते, मले कायले सांगता?"

पिन ओढली, पांढरा फवारा सुटला आणि आग दोन दमात बसली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, काही तर उभ्याच राहिल्या. याडीच्या केसांवर पीठ उडाल्यासारखी भुकटी होती. तिनं वळून मला शोधलं, मागच्या रांगेतून हात धरून ओढलं आणि नळकांडं माझ्या हातात दिलं.

"पेटवा अजून एक डाव," ती त्या माणसाला म्हणाली. "ह्याले शिकवा. लई भेते हा."

त्यानं पेटवलं. चटका तोंडापर्यंत आला. मी पिन ओढली, एक पाऊल पुढं टाकलं आणि पायथ्याशी धार धरली.